दोर कोणाच्या हातात

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पोट भरायची शंभर कामं आहेत. कमलेशच्या वाट्याला त्यातलं असं आलं, की माणसानं दुसऱ्याच्या भरवशावर खाली उतरायचं. औषधाची रसायनं बनवणाऱ्या एका कारखान्यात तो रिअॅक्टर आतून साफ करतो. रिअॅक्टर म्हणजे दोन माणसं उंचीची पोलादी टाकी, आणि वर झाकणाला जेमतेम खांदे जातील एवढं भोक. त्यातून शिडीनं आत जायचं आणि तळाला बसलेला चिकट थर खरवडायचा. आत श्वास घेण्याजोगी हवा नसते. बाहेरून ब्लोअरचा जाड पाइप सोडतात, तो जी ढकलेल तेवढीच हवा. अंगाला पट्टे, पट्ट्यांना दोर, आणि दोराचं दुसरं टोक भोकाशी बसलेल्या माणसाच्या हातात. एक हिसका दिला तर सगळं ठीक, तीन दिले तर मला वर ओढा.

या कामाची एक रीत आहे. ती कुठल्या नियमाच्या पुस्तकात सापडणार नाही, पण मोडायची कोणाची छाती होत नाही. जो आत उतरणार, तोच सांगणार दोर कोण धरणार. परमिटच्या, म्हणजे आत उतरायच्या परवानगीच्या कागदावर साहेब नाव लिहितो, पण विचारून लिहितो. कोणी भावाचं नाव घेतं, कोणी तंबाखूच्या जोडीदाराचं. ज्याच्याशी भांडण झालं असेल त्याचं नाव त्या दिवशी घ्यायचं नाही, आणि त्यानंही राग मानायचा नाही.

कमलेश तीन वर्षं एकच नाव घेत होता, विक्रमचं.

विक्रम शिफ्टचा इनचार्ज. इनचार्जनं भोकाशी उकिडवं बसून दोर धरायचं काही कारण नसतं, म्हणून लोकांना कौतुक. साहेब असावा तर असा, कामगारासाठी उन्हात बसतो. बिचाऱ्यांना काय माहीत, की तो माणूस दोर धरायला नाही, दोराच्या दुसऱ्या टोकाला बांधलेला माणूस आपल्याच ताब्यात आहे ना, ते बघत बसायला येत होता.

कमलेश जव्हारकडच्या एका पाड्यावरचा. बाप गोमा लवकर गेला, आई बुधी डोंगरउतारावरच्या तुकड्यात पावसाच्या पाण्यावर भात आणि नाचणी काढते. आपल्याला पुरुष आवडतो हे कमलेशला मिसरूड फुटायच्या आधीपासून ठाऊक होतं. पाड्यावर या गोष्टीला शब्दच नव्हता, म्हणून त्यानंही ती बिनशब्दाची ठेवली. बोईसरला ठेकेदाराकडे कामाला लागला तेव्हाही तोंडाला कुलूपच होतं. विक्रमनं ते पंधरा दिवसांत ओळखलं. ओळखणारा माणूस भेटणं याचं अप्रूप किती असतं, ते ज्यानं वीस वर्षं लपून काढली त्यालाच कळेल.

विक्रमनं त्याला ठेकेदाराकडून काढून कंपनीत कायम करून घेतलं, कुंभवलीत खोली मिळवून दिली, सुट्टीच्या संध्याकाळी चिंचणीच्या किनाऱ्यावर नेलं. विक्रमला बायको होती, मंगला. तिचं नाव त्यानं डहाणूच्या जत्रेत उजव्या हातावर गोंदवून घेतलेलं, सगळ्या शिफ्टला तोंडपाठ. कमलेशला ते टोचायचं, तरी तो सुखात होता, हे सांगितलंच पाहिजे. पुढे जे झालं त्यामुळं ते सुख खोटं होतं असं म्हणायला तो आजही तयार नाही.

मग एकेक करून दारं बंद झाली. आधी खोलीची दुसरी किल्ली विक्रमकडे गेली, मग आधार कार्ड, "माझ्याकडे सुरक्षित राहील" म्हणून. फोनवर कमलेश कुठं आहे ते विक्रमला दिसत राहील अशी सोय झाली. रविवारी गावी जायचं म्हटलं की विक्रम विचारायचा, "आई बरी आहे ना? मग कशाला?" तरी कमलेश निघालाच, तर विक्रम रडायचा. तुझ्यासाठी मी बायकोला फसवतोय, तू मला एक रविवार देत नाहीस, मी मेलो तर तुला बरं वाटेल का. कमलेश बॅग खाली ठेवायचा. एखाद्यानं मारलं तर हात धरता येतो, रडणाऱ्याचं काय धरायचं?

धीरज नावाचा एक टँकर ड्रायव्हर होता, माकुणसारचा. हसरा, वाडीतले पेरू रुमालात बांधून आणायचा आणि कमलेशला द्यायचा. त्यात काही नव्हतं, किंवा अजून काही झालं नव्हतं. कमलेशनं भाबडेपणानं विक्रमलाच त्याचे किस्से सांगितले. आठ दिवसांत धीरजच्या केबिनमध्ये कंपनीच्या डिझेलचा कॅन सापडला आणि त्याला गेटबंदी झाली. त्या संध्याकाळी विक्रम जिलेबी घेऊन आला. खाऊन झाल्यावर, बोटं पुसत, सहज म्हणाला, "कॅन मीच ठेवला. तुझ्यासाठी मी काय करू शकतो ते तुला कळायला हवं." कमलेशला आजही राग येतो तो याचा, की जिलेबी त्याला गोड लागली होती.

त्यानंतर त्यानं गुपचूप वापीला काम बघितलं. मिळालं. सोमवारी धीर करून विक्रमला सांगितलं, तर विक्रम शांत. "जा की. चांगलं आहे तुझ्यासाठी." ना आरडाओरडा, ना रडणं. कमलेशला वाटलं, सुटलो.

गुरुवारी टाकी साफ करायची होती. दोर कोण धरणार विचारल्यावर कमलेश सवयीनं म्हणाला, विक्रम साहेब. भांडणाच्या माणसाचं नाव घ्यायचं नाही ही रीत त्याला पाठ होती, पण भांडण झालंच कुठं होतं?

आत जाऊन त्याला वीसेक मिनिटं झाली असतील, आणि ब्लोअरची घरघर थांबली. टाकीत ती घरघर म्हणजे जीव. त्यानं दोराला तीन हिसके दिले. दोर ढिला पडून त्याच्याच अंगावर आला. वर भोकातल्या गोल उजेडात विक्रमचं तोंड दिसलं.

"वापीला तुझा दोर कोण धरणार, कमलेश?"

"ब्लोअर बंद पडलाय."

"माहीत आहे. मी विचारलं त्याचं उत्तर दे."

शिडी चार हातांवर होती, पण पायातली ताकद जात होती आणि कानात शिट्टी वाजायला लागली होती. "नाय जानार," तो म्हणाला.

"शपथ घे. आईची."

"आईची शपत. नाय जानार."

घरघर सुरू झाली. मग विक्रमनंच त्याला ओढून काढलं, गालावर चापट्या मारल्या, पाणी पाजलं, आणि धावत आलेल्या लोकांना सांगितलं की पोरगा आत घाबरला, वेळेवर ओढला म्हणून वाचला. पुढच्या महिन्यात सुरक्षा सप्ताहात विक्रमला शाल, श्रीफळ आणि प्रमाणपत्र मिळालं. टाळ्या वाजवणाऱ्यांत कमलेशही होता. त्यानं वापीला नाही म्हणून कळवलं होतं.

का गप्प बसला, असं विचारणं सोपं आहे. विक्रमच्या फोनमध्ये एक फोटो होता, कमलेश झोपेत असताना खोलीवर काढलेला. शिवाय विक्रम सांगायचा की याला कलम आहे, पोलीस उचलतात, वर्तमानपत्रात नाव येतं, आईला पाड्यावर तोंड दाखवता येणार नाही. कमलेश नववीपर्यंत शिकलेला, साहेबावर विश्वास ठेवणारा. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत, डबा तसाच उघडा ठेवून, त्यानं सकाळी जमा केलेला फोन मागून घेतला आणि ते कलम शोधलं. दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीनं केलेली गोष्ट गुन्हा नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ सालीच सांगून टाकलं होतं. कितीतरी वर्षं तो गुन्हा फक्त विक्रमच्या तोंडात जिवंत होता. कमलेशनं ती पानं तीनदा वाचली. भीती गेली नाही, पण भीतीच्या शेजारी राग येऊन बसला, आणि राग अंगानं मोठा निघाला.

ऑक्टोबरात पुन्हा टाकीचं काम निघालं. सकाळी साडेसातला टाइम ऑफिसपाशी सगळे गोल करून उभे राहतात, कामाची सूचना होते, मग फोन पेटीत जमा करून आत जायचं. कमलेश आणि विक्रम धरून बाराजण होते. विक्रमनं परमिट पुढं केलं. दोर धरणाऱ्याच्या रकान्यात त्यानं न विचारताच स्वतःचं नाव लिहून ठेवलं होतं.

"सही कर."

"नाव बदला," कमलेश म्हणाला. "दोर नागोरावकाका धरतील."

नागोराव म्हणजे पंपावरचा जुना माणूस, नांदेडकडचा, पंचावन्नच्या पुढचा. कमलेशशी तो कामापलीकडे कधी दहा शब्द बोलला नव्हता. पण चहाची घंटा झाली तरी हातातलं काम संपेपर्यंत तो जागा सोडत नाही, एवढं कमलेशनं पाहिलं होतं.

विक्रम हसला. "का रे? माझ्यावर भरवसा नाही?"

"नाय."

आतापर्यंत इकडंतिकडं बघणारे सगळे आता इकडंच बघायला लागले. विक्रमनं आवाज उतरवला. "बाजूला ये. बोलू आपण."

"हितंच बोला."

विक्रमनं फोन काढला. लोकांना वाटलं मॅनेजरला लावतोय. त्याचा अंगठा दोनदा हलला आणि सगळ्यांच्या खिशात फोन थरथरले. शिफ्टच्या ग्रुपवर फोटो आला होता. गादीवर उघड्या अंगानं झोपलेला कमलेश, त्याच्या छातीवर एका पुरुषाचा हात. खाली विक्रमनं लिहिलं होतं, असले लोक आपल्यात आहेत, सावध राहा.

स्वतःचं तोंड त्यानं कापून काढलं होतं. हात तेवढा राहिला होता, आणि हातावर हिरव्या अक्षरात मंगला. एवढा पाताळयंत्री माणूस इथं कसा चुकला, याचा कमलेशनं पुढं पुष्कळ विचार केला. त्याला वाटतं, विक्रमला हात कापता आला नाही. कमलेशच्या छातीवर आपला हात नाही, असा फोटो त्याला बघवलाच नसता.

एकेकाची नजर फोनवरून विक्रमच्या बाहीकडे गेली. विक्रमनं बाही खाली ओढली आणि मग त्यालाही कळलं.

"फोटोतला मीच हाय," कमलेश म्हणाला. "मला बाप्या मानूस आवडतो. ल्हान होतो तवापासून. त्याची मला लाज नाय. हात कोनाचा ते तुमी पुसू नका, मी सांगनार नाय, ते ज्याचं त्यानं सांगावं. मी दुसरं सांगतो. त्या गुरुवारी ब्लोअर बंद पडला नव्हता. यांनी बंद केला. मी आत असताना. मी हितनं जानार म्हनलो म्हनून."

"खोटं बोलतोय हा," विक्रम म्हणाला. "फोटो बघितलात ना? असल्या माणसाचं काय ऐकता?"

दोघंजण मागं सरकले. कमलेशला तेही दिसलं, आणि लागलं. तो टाइम ऑफिसच्या पायरीवर बसला. "दोर धराया कोन तयार नसेल तर मी उतरनार नाय. पन मी जानार बी नाय. हितंच बसतो."

मग नागोरावनं चष्मा वर करून विक्रमकडं पाहिलं.

"ब्लोअरचा आवाज थांबला व्हता त्या दिशी," तो म्हणाला. "मला पंपावर ऐकू आलं. म्हणलं, साहेब हाईत तितं, बघतील. गेलो न्हाई. माझं चुकलं." त्यानं विक्रमच्या हातातलं परमिट घेतलं, विक्रमच्या नावावर आडवी रेघ मारली आणि खाली आपलं नाव लिहिलं. "तुझं ते मला कळत न्हाई, कमल्या. दोर धराया कळायची गरजबी न्हाई. चल, पट्टा घाल."

त्या दिवशी टाकी साफ झाली. कमलेश आत दीड तास होता आणि नागोराव दर पाच मिनिटांनी उगाचच दोर हलवून बघत होता.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं बोलावलं. विक्रमला रजेवर पाठवलं होतं. ब्लोअरचं तेवढं लिहून दे, बाकीचं कशाला, तुझीच बदनामी, असं मॅनेजर समजुतीनं म्हणाला. कमलेशनं सगळं लिहिलं. वापी, शपथ, धीरजच्या केबिनमधला कॅन, आणि विक्रमशी आपले तीन वर्षं संबंध होते हेही, कारण त्याशिवाय बाकीचं का घडलं ते कोणाला कळलं नसतं. पूर्ण नाव घातलं, पाड्याचं नाव घातलं, पोलिसांत द्यायला एक प्रत मागून घेतली. शिफ्टमध्ये अजून चारजण त्याच्या शेजारी डबा उघडत नाहीत. तो आपला डबा टेबलाच्या मधोमध ठेवून जेवतो.

फोटो पाड्यावर पोचायला तीन दिवस लागले. कमलेशच्या चुलतभावाकडून तो घरोघर फिरला, आणि त्याच्या मागोमाग टाकीची गोष्टही. दुपारी बुधीचा फोन आला. कमलेश वसाहतीच्या रस्त्यावर उभा राहिला. कारखाना, विक्रम, मॅनेजर सगळे एका बाजूला. या एका माणसानं दार लावलं तर त्याला जायला जागा नव्हती.

"त्या फोटूत तू हायेस?" बुधीनं विचारलं.

"मीच हाय, आये."

"लोक सांगतात तसंच हाय?"

"तसंच हाय."

मग ती म्हणाली, "आन तो मानूस तुला टाकीत मारनार व्हता?"

"व्हता."

"मंग सकाळधरनं लोक मला तुजं काय पुसतात?" बुधीचा आवाज चढला. "त्याचं पुसा म्हनावं."