डॅशबोर्ड हिरवागार, रिपोर्ट गायब

गेल्या मंगळवारी, सकाळी सव्वाअकराला, परळमध्ये. मी ज्या हॉस्पिटलचे सर्व्हर सांभाळते, तिथल्या एका जुन्या मशीनचा पॉवर सप्लाय कुरकुरायला लागला. ते बंद पडायच्या आत त्यावरचं सगळं दुसऱ्या मशीनवर हलवायला हवं होतं, आणि तेही चालू ठेवून.

चालू ठेवून म्हणजे... लॅब, वॉर्ड, ओपीडी सगळे त्याच सॉफ्टवेअरवर काम करत असतात. फोनवर बोलता बोलता घर बदलायचं आणि समोरच्याला कळूही द्यायचं नाही, असला प्रकार. आमच्यात त्याला लाइव्ह मायग्रेशन म्हणतात. एरवी हे काम आम्ही रात्री करतो, पण त्या दिवशी रात्रीपर्यंत थांबायची सोय नव्हती.

मी मुळात भित्री. गॅस बंद केलाय का हे बघायला लालबागच्या घराचे तीन जिने परत चढणारी! यादी दोनदा तपासली, बॅकअप बघितला आणि बटण दाबलं. शेवटी सिस्टीम सेकंदभर थबकते... तेवढा वेळ मी श्वास रोखून बसते.

झालं. डॅशबोर्ड हिरवागार. वॉर्ड चालू, ओपीडी चालू, कुणाची तक्रार नाही. स्वतःवर बेहद्द खूश होऊन मी कटिंग मागवला.

चहा अर्धा झाला असेल, तेवढ्यात सुजाताताईंचा फोन. ताई आमच्या लॅबमधल्या सगळ्यात जुन्या टेक्निशियन. भोईवाड्याहून रोज चालत येतात, मोजकंच बोलतात.

"अगं अश्विनी, तिसऱ्या मजल्यावरच्या पेशंटचं पोटॅशियम फार वाढलंय, मी आत्ता फोनवर कळवलं. सिस्टर म्हणते, तिच्या स्क्रीनवर रिपोर्टच नाही. माझ्याकडे तर 'पाठवला' दिसतोय. बघ जरा."

पोटॅशियम फार वाढलं तर हृदय बंद पडू शकतं, एवढं हॉस्पिटलात राहून मलाही कळायला लागलंय.

लॅबच्या मशीनला वाटत होतं, लाइन चालू आहे. ते इमानेइतबारे रिपोर्ट पाठवत होतं. मधल्या नेटवर्कने मात्र ते जुनं कनेक्शन मायग्रेशनच्या गडबडीत टाकून दिलं होतं, आणि सर्व्हरची समजूत अशी की लॅबला सध्या काही पाठवायचंच नाही. एरर कुणालाच नाही! माझा डॅशबोर्ड फक्त सर्व्हर जिवंत आहे का एवढंच बघत होता, आणि सर्व्हर जिवंत होता...

बावीस मिनिटं झाली होती. एकोणीस रिपोर्ट वाटेतच गायब.

त्यातला एक ताईंनी फोनवर कळवला होता. बाकीच्या अठरा जणांचं काय? कुणाचं ऑपरेशन खोळंबलंय? कुणाला डॉक्टर कालचा आकडा बघून औषध देतायत? डोक्यात नुसतं हेच.

मेलेलं कनेक्शन तोडून लॅबचं मशीन नव्याने जोडलं. नवे रिपोर्ट यायला लागले, पण मधले येईनात. 'पाठवले' म्हणून मशीनने ते आपल्या यादीतून कधीच काढून टाकले होते. मी जिन्यावरून धावत लॅबमध्ये गेले. ताईंनी त्यांचं रजिस्टर उघडलं. त्या एकेक नंबर वाचायच्या, मी तो रिपोर्ट परत पाठवायची, आणि वॉर्डातून "आला" असं ऐकल्याशिवाय पुढचा नाही. घाईत मी एकच नंबर तीनदा चुकवला.

"सावकाश," ताई म्हणाल्या. "चुकलीस तर एकाचा दुसऱ्याला जाईल."

आता जे सांगते, ते सांगायला लाज वाटते.

आमच्या लॅबमध्ये एक जुनी पद्धत आहे. धोक्याचा आकडा आला की वॉर्डला फोन करायचा. तिथल्या सिस्टरने तो लिहून घ्यायचा, परत वाचून दाखवायचा, आणि मगच फोन ठेवायचा. गेल्या महिन्यात मी वरिष्ठांना मेल केला होता की हे आता बंद करा, स्क्रीनवर लाल रंगात दिसतंच, उगाच दोन माणसांचा वेळ जातो. सगळ्यांना पटलं होतं, फक्त सही बाकी होती.

ताई तेव्हा एवढंच म्हणाल्या होत्या, "लाल दिसतं गं. पण बघितलं कोणी?" मला वाटलं, यांना कॉम्प्युटर नको असतो, म्हणून खुसपट काढतायत. मनातल्या मनात मी हसलेही होते.

ती सही झाली असती तर? मंगळवारपासून हा प्रश्न माझी पाठ सोडत नाहीये.

रिपोर्ट सगळे पोचल्यावर तिसऱ्या मजल्यावर गेले. पोटॅशियम वाढलेल्या त्या पेशंट म्हणजे पासष्टीच्या एक मावशी. ताईंचा फोन ठेवल्या ठेवल्या सिस्टरने डॉक्टरांना बोलावून इंजेक्शन दिलं होतं. मावशी छातीवरच्या वायरी बाजूला सारत, चहा कधी मिळणार म्हणून सिस्टरशी भांडत होत्या. मी कॉरिडॉरमध्ये आले आणि चक्क रडले...

मेल त्याच दिवशी मागे घेतला. आता सर्व्हर दर अर्ध्या मिनिटाला लॅबच्या मशीनला एक रिकामा निरोप पाठवतो आणि उत्तराची वाट बघतो. उत्तर नाही आलं, तर माझा फोन बोंबलतो आणि कनेक्शन आपोआप नव्याने जोडलं जातं. शिवाय पलीकडून पोच आल्याशिवाय लॅबचं मशीन एकही रिपोर्ट यादीतून काढत नाही.

काल ताईंना हे सगळं दाखवलं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे आता मी फोन करायचा नाही का?"

"करा ताई," मी म्हटलं. "हात जोडते, करत राहा."