पॉइंट टू-टूची सोयरीक

माझ्या आईनं एका सरकारी बाईंना सांगितलं की मी दारू पितो, संतापलो की भांडी फेकतो आणि माझ्यासोबत कुठल्याही बाईचा निभाव लागणं कठीण आहे. यातल्या शेवटच्या मुद्द्यावर माझी बायको अश्विनी जरा विचार करून बोलेन म्हणते, पण पहिले दोन सपशेल खोटे आहेत. मी दिवाळीच्या पार्टीतसुद्धा जिंजर बिअर पितो. भांडी मी फेकत नाही, घासतो. (रोज. विचारा कुणालाही.)

सुरुवात झाली लिंबांपासून. आम्ही राहतो परदेशात, हॅमिल्टन शहराच्या रोटोटुना भागात. अश्विनीला लोणच्याला लिंबं हवी होती म्हणून मी गावाबाहेरच्या एका शेतावर गेलो. शेताचे मालक ग्रॅहम, वय ऐंशीच्या घरात. गॅरेजमध्ये टेबलावर फडकं अंथरून रायफल साफ करत बसले होते. मी बघितली आणि लिंबं विसरलो.

ती पॉइंट टू-टू होती. कॉलेजात एन.सी.सी.त आम्हाला द्यायचे अगदी तशीच. तोच लाकडी दस्ता, बोल्ट ओढल्यावरचा तोच खटका, तेलाचा तोच वास. नाशिकला असताना एका कॅम्पात मी ताडपत्रीवर पालथा पडून, श्वास रोखून पाच गोळ्या झाडल्या होत्या आणि पाचही एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील अशा बसल्या होत्या. नेमबाजी शिकवणाऱ्या उस्तादांनी पाठीत एवढ्या जोरात शाबासकी दिली की मी खोकलो. त्यानंतर मी इंजिनिअर झालो, परदेशी आलो, दुधाच्या कारखान्यात क्वालिटी मॅनेजर झालो, पण तशी शाबासकी मला परत कुणी दिली नाही. ते छिद्रं पडलेलं टार्गेट मी जपून घरी आणलं होतं. आईनं ते डब्यांखाली अंथरलं.

"विकायची आहे का?" मी ग्रॅहमना विचारलं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ससे फार झालेत का तुझ्याकडे?"

"नाही."

"पॉसम?"

"नाही. मी शाकाहारी आहे."

"मग मारणार काय तू?"

"कागद."

ग्रॅहमनी रायफल हळूच स्वतःच्या बाजूला ओढून घेतली.

मग मी त्यांना एन.सी.सी.चं सगळं सांगितलं. ताडपत्री, उस्ताद, रुपया. म्हातारा विरघळला. म्हणाले, उन्हाळा संपला की मी रिटायरमेंट व्हिलेजात राहायला जाणार, तिथं हिला नेता येत नाही. तू लायसन्स काढ, तोवर मी थांबतो. नाही जमलं तर ही जाणार मोडीत. मोडीत, म्हणाले. 

घरी आल्यावर अश्विनीला सांगितलं.

"तुला झुरळ दिसलं की तू मला हाक मारतोस," ती म्हणाली.

"झुरळाचा आणि बंदुकीचा काय संबंध?"

"तेच विचारतेय मी. खरं काय ते सांग. या वयात काही जण मोटरसायकल घेतात, काही जण केस काळे करतात."

"केस करून झालेत."

"म्हणून तर संशय येतोय."

शेवटी ती हो म्हणाली, पण एका अटीवर: आईंना कळता कामा नये. आई तेव्हा नाशिकहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. तिला बीपी आहे आणि बंदूक म्हटलं की ते वाढलं असतं. शिवाय आईला एखादी गोष्ट सांगायची म्हणजे नाशिकच्या सगळ्या गंगापूर रोडला सांगायची. मलाही ते पटलं. सगळा घोळ झाला तो या शहाणपणामुळे.

कारण बंदुकीचं लायसन्स काढणाऱ्या माणसाचं वागणं बाहेरून कसं दिसतं याचा आम्ही विचारच केला नव्हता. आईनं केला. तिनं नजर ठेवली, आणि जे दिसलं ते साताऱ्याच्या शालूमावशीला फोनवर सांगितलं. (मावशीनं मला हे नंतर, पोट धरून हसत ऐकवलं.)

"शालू, मिल्याचं काहीतरी चाललंय."

"काय चाललंय, ताई?"

"फोटो काढून आणलाय. दाढीबिढी करून."

"पासपोर्टला असेल."

"पासपोर्ट गेल्या वर्षी झाला. शनिवारी कुठंतरी जाऊन आला, विचारलं तर म्हणे ऑफिसचं ट्रेनिंग. शनिवारी कसलं ट्रेनिंग? गॅरेजमध्ये जाऊन हळू आवाजात फोनवर बोलतो. मी गेले की गप्प. आणि आता कपाट आणलंय. लोखंडी. भिंतीला बोल्ट मारून बसवलंय, आत काही नाही."

 मावशी म्हणाली, "रिकामं कपाट? ताई, हा नवा संसार मांडतोय."

तेव्हापासून आई अश्विनीशी फार मायेनं वागायला लागली. तिच्या केसांना तेल लावून द्यायची, तिच्या ताटात जास्तीचं तूप वाढायची आणि तिच्याकडे बघून सुस्कारे सोडायची. माझ्या ताटातलं तूप बंद झालं. मला वाटलं, माझं कोलेस्टेरॉल तिला कळलं असावं.

आणि मग हेदर आल्या.

हेदर म्हणजे लायसन्सच्या ऑफिसातून चौकशीला आलेल्या बाई. इथं लायसन्स देण्याआधी माणूस घरी येऊन अर्जदाराशी, त्याच्या बायकोशी निवांत बोलतो, घर बघतो, बंदूक ठेवायचं कपाट तपासतो. आमचा समज होता की गणवेशातला कुणीतरी राकट गडी येईल. आल्या त्या पन्नाशीच्या, रुपेरी केसांच्या, फुलाफुलांचा ब्लाउज घातलेल्या, कानात मोती. दारात "किआ ओरा" असा इथला नमस्कार केला आणि न सांगता चपला बाहेर काढून आत आल्या. आईनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

मी इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्याच्या कडेवर बसलो होतो. आज यांनी नाही म्हटलं तर ग्रॅहमची रायफल संपली. अश्विनी आतून ट्रे घेऊन आली. पाहुणे येणार म्हणून तिनं काहीतरी केलं होतं. जगातला दुसरा कुठलाही पदार्थ चालला असता. तिनं कांदेपोहे केले होते.

आता आईच्या जागी बसून बघा. मुलगा मान खाली घालून बसलाय. समोर परकी बाई पोहे खातेय. आणि ती विचारतेय काय? नोकरी कायम आहे का. तब्येत कशी आहे. पितो का. राग येतो का. मित्र कोण कोण. घरात भांडणं होतात का. आईला इंग्लिश मोडकंतोडकंच बोलता येतं, पण कळतं सगळं. (आईसमोर बंदुकीचं नाव काढू नका, असं मी हेदरना आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं.) आणि हे प्रश्न तर तिला पाठच होते. निम्म्या नाशिकची लग्नं जुळवताना तिनं हीच चौकशी केली होती.

मग हेदर म्हणाल्या, "घर बघू या का?" सगळ्या खोल्या बघितल्या. गॅरेजमध्ये जाऊन ते कपाट हलवून बघितलं, हलेना तेव्हा खूश होऊन म्हणाल्या, "स्वीट अ‍ॅज," म्हणजे एकदम झकास. आई मागे उभी होती. मावशीचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं होतं.

हेदर अश्विनीशी एकटीशी बोलल्या. ती हसत बाहेर आली. "झालं. मी म्हटलं, चांगला आहे." आईनं ते ऐकलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी सोशिक सून!

"तुझी आईही इथंच राहते ना?" हेदर मला म्हणाल्या. "त्यांच्याशी दोन मिनिटं बोलते."

मी बागेत गेलो. काचेच्या सरकत्या दारातून आत दिसत होतं. आई तावातावानं बोलत होती. तिनं अंगठा तोंडाला लावला. मला वाटलं, बीपीच्या गोळ्या कशा घेते ते सांगतेय. मग तिनं हात उचलून काहीतरी भिरकावल्यासारखं केलं. मला वाटलं, माझं लहानपणीचं क्रिकेट. मी काचेतून कौतुकानं हात हलवला. हेदरनी तो बघितला आणि खुर्ची आईच्या जवळ ओढली.

बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता. पोहे अर्धे राहिले होते. "मिलिंद, आजचं हे इथंच थांबवू," एवढंच म्हणाल्या. जाताना दारात अश्विनीचा हात हातात घेऊन त्यांनी हळूच विचारलं, "तू इथं सुरक्षित आहेस ना?" आणि तिच्या मुठीत एक फोन नंबर कोंबला.

आम्ही आत आलो. आई सोफ्यावर मांडी घालून शांत बसली होती.

"मोडलं," ती म्हणाली.

"काय मोडलं?"

"तुझं स्थळ. सांगितलं तिला, बाई गं, दारुडा आहे, अंगावर भांडी फेकतो, तू यात पडू नकोस. माझ्या सुनेच्या डोळ्यांदेखत दुसरी आणतोस? आणि तिच्याच हातचे पोहे खायला घालतोस? मी जिवंत असेपर्यंत हे व्हायचं नाही."

 अश्विनीनं जाऊन आईला मिठी मारली आणि ती हसायला लागली, मग रडायला लागली, मग परत हसायला लागली. मी मधेच सगळं सांगून टाकलं. बंदूक, ग्रॅहम, कपाट, सगळं.

आई म्हणाली, "बंदूक होय? मग तसं सांगायचं ना मेल्या. मी म्हटलं असतं, गुणाचा आहे."

लगेच हेदरना फोन लावला. आईला समोर बसवलं आणि खूण केली.

"मिलिंद व्हेरी गुड," आई म्हणाली. "नो ड्रिंक. नो भांडी. आय टोल्ड लाय."

 मग हेदरनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "तुमच्या शेजारी आत्ता कोण उभं आहे?"

"मिलिंद," आई अभिमानानं म्हणाली.

झालं. आता मी नुसता दारुडा राहिलो नव्हतो, म्हाताऱ्या आईला धमकावून साक्ष फिरवणारा दारुडा झालो होतो. मी जितकं समजावत होतो तितका हेदरचा आवाज जास्त गोड होत होता. त्यातच ग्रॅहमचा फोन आला. त्यांची मुलगी सामानाची खोकी भरायला लागली होती. "लायसन्सचं काय झालं?" मी म्हटलं, आई बघतेय.

पुढच्या आठवड्यात हेदर परत आल्या, या वेळी फोनवर दुभाषी बाई घेऊन. मला घराबाहेर काढलं. नुसतं बागेत नाही, पार कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत, म्हणजे इथल्या वाणसामानाच्या दुकानापर्यंत. मी तिथं दुकानदारासमोर एक आइस्क्रीम खाल्लं, मग दुसरं खाल्लं. तिसरं मागितल्यावर तोही माझ्याकडे संशयानं बघायला लागला. आत काय झालं ते नंतर आईनंच सांगितलं.

आईनं आधी दुभाषी बाईंची चौकशी केली. त्या मूळच्या चिपळूणच्या निघाल्या, आता इथल्याच लोअर हट गावी. मुलगी लग्नाची होती. त्यावर बरंच बोलणं झालं. हेदर भाषांतराची वाट बघत बसल्या. मग त्यांनी विचारलं, "पण पोटच्या मुलाबद्दल एवढं वाईट का सांगितलंत?"

"स्थळ मोडायचं तर दुसरं काय सांगतात? मुलगा गोरा आहे, असं?"

दुभाषी बाईंना एवढं हसू आलं की भाषांतर व्हायला वेळ लागला. "असं खरंच करतात?" हेदरनी त्यांनाच विचारलं. "करतात हो," त्या म्हणाल्या. "माझ्या आत्यानं माझं एक मोडलं होतं. बरंच झालं."

शेवटी हेदरनी विचारलं, "तुम्हाला मुलाची भीती वाटते का?"

"याची? अहो, कुकरची शिट्टी झाली तरी दचकतो हा."

हेदरनी हे शब्दशः लिहून घेतलं, असं आई अजून सगळ्यांना सांगते.

लायसन्स आलं तेव्हा ग्रॅहमच्या घरात एक खुर्ची आणि ती रायफल एवढंच उरलं होतं. मी ती घरी आणली. गॅरेजमध्ये बोल्ट ओढला, तो खटका वाजला, तो तेलाचा वास आला आणि खरं सांगतो, मला भरून आलं. मग ती कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि मागे वळलो, तर आई दारात उभी. मला वाटलं, आता शाबासकी देणार.

तिनं मला नीट न्याहाळलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"उगाच बीपी वाढवून घेतलं मी. एक शहाणीसुरती बाई तुझ्याकडे बघत तासभर बसून राहते, म्हणजे ती पगारी असणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं."