काळ्या शीबद्दल मी सांगितलंच नव्हतं

आपल्या ग्रुपवर सगळ्या आशाताईच आहेत, म्हणून इथंच लिहिते.

दारव्ह्याजवळच्या माझ्या गावात सुनीताच्या आठ महिन्यांच्या पोरीच्या हृदयाला छिद्र आहे. दीड महिन्याआधी नागपूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "लोहाचे थेंब देऊन हिचं रक्त वाढवून आणा. ऑपरेशनात बाहेरचं रक्त जितकं कमी द्यावं लागेल, तितकं बरं."

थेंब मीच नेऊन दिले. बोंडअळीतून वाचलेला कापूस वेचायची तिला घाई होती. किती द्यायचे ते बांधावरच सांगितलं आणि निघाले.

आज नागपूरला तपासलं, तर रक्त आधीपेक्षाही कमी. ऑपरेशन रद्द झालं. "आता हे हृदय किती दिवस तग धरेल, सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले.

सुनीता रडतच बोलली, "ताई, शी काळी होऊन राह्यली होती. मले वाटलं, पोटातून रक्त चाललं. म्हणून मीच थेंब बंद केले."

लेकीचं रक्त वाचवायलाच तिनं थेंब थांबवले. लोहानं शी काळी होते, एवढं एक वाक्य मी बोलले नव्हते.

परतताना जीपमध्ये तिनं विचारलं, "ताई, आता डबल देऊ काय?"

मी नाही म्हटलं. का नाही, तेही या वेळी नीट समजावलं. ती मान हलवत ऐकत होती.

पण आता सांगून काय उपयोग, बायांनो?