पूर्वेला तोंड केलेली शेड

मागच्या रविवारी सकाळी सात वाजता गावच्या तळ्यावर गेलो आणि स्वतःच्याच कामाची लाज वाटली...

शहादा तालुक्यात, ब्राह्मणपुरीच्या पुढे आमचं गाव. तळ्याभोवती दलदल आणि थंडीत लांबून येणारी पाखरं... आता तिथं पाणथळ उद्यान केलंय. मी वेल्डर. सातवीत शाळा सोडली, एका जागी बसवत नाही, सध्या हैदराबादकडे साइटवर आहे, थोडे दिवस सुटीवर आलो होतो. त्याआधीच्या सुटीत पाखरं बघायची शेड मीच बनवून दिली होती. पाइपचा सांगाडा, वर पत्रे, समोर बघायला लांब फट. फोटोही टाकला होता, तुम्ही लाइक केला होता.

घराचं तोंड पूर्वेला, हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. मीही तेच केलं. शेड पश्चिम काठावर, तोंड पूर्वेला... आणि लोक येतात सकाळी! फटीतून बघितलं तर ऊन थेट डोळ्यात. पाण्यावर नुसते काळे ठिपके. बदक कुठलं आणि बगळा कुठला, काही कळेना.

त्यामुळे आत कोणी बसतच नव्हतं. उद्यानाच्या समितीत बोलणं झालं होतं, मंगळवारच्या बैठकीत शेड चहा-भज्यांच्या टपरीला देऊन टाकायची. तळ्याचे राखणदार भिका नाना, त्यांना हीच धास्ती. म्हणाले, "आठे भजा तळाले लागनात का पाखरं उडनात समज."

नानांबद्दल थोडं सांगतो. बायकांच्या संडासाला आतून कडी नव्हती, ती त्यांनी बसवली. पिण्याच्या पाण्याची टाकी स्वतः घासतात. म्हातारी माणसं वाटेत जिथं दम खायला थांबतात, बरोबर तिथंच बाकडी टाकून घेतली... सांगायला कोणी गेलं नव्हतं, नाना फक्त बघत होते.

मी म्हटलं, "नाना, मला फोन तरी करायचा!"

"फोनवर सांगतू ते तू तठेच रुसी बसता. म्हनं पोऱ्या येवू दे, दखाडसू." म्हणजे मी घरी आलो की समोरच दाखवणार होते.

नंतर गेटवरच्या पोरीकडून कळलं. एवढे महिने नाना डोक्यावर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन एकेका पाहुण्याला पलीकडच्या काठावर नेत होते, ऊन पाठीशी येईल असं बसवत होते. शेडचं विचारलं तर सांगायचे, काम अजून बाकी आहे. माझं नाव नाही घेतलं कधी...

मंगळवारी संध्याकाळी माझी परतीची गाडी. हातात दोन दिवस. शेड उचलून पूर्व काठावर न्यायची ठरवली.

समितीचे अध्यक्ष तात्या अडले. "पश्चिमले तोंड? अस्तमानले दार कोन करस रे?"

नाना म्हणाले, "तात्या, पाखरं वास्तू देखतस का?"

सगळे हसले, तात्यासुद्धा. पण परवानगी देताना बजावलं, मंगळवारी सकाळी मी स्वतः बसून बघेन, मग ठरवू.

पत्रे काढले, पायाचे नटबोल्ट खोलले. बांधावरून ट्रॅक्टर जाईना. मग शेतातली झोपडी हलवतात तसं केलं, खाली बांबू घातले आणि गावातली माणसं खांद्यावर सांगाडा घेऊन तळ्याला अर्धा फेरा मारून आली... नानांची एकच अट, ग्राइंडरचा आवाज फक्त भर दुपारी. सकाळ-संध्याकाळ पाखरं चरतात. मला घाई, आणि नाना बाकड्यावर शांत. शेवटी मीही बसलो. इतका वेळ गप्प मी बहुतेक पहिल्यांदाच बसलो असेन.

मंगळवारी सकाळी तात्या आत शिरले. फटीला डोळे लावून बसले.

मग आतून हळूच ऐकू आलं, "अरे... हाई पाणकोंबडी ते जांभळी शे! मी जलमभर काळीच समजत व्हतू."

बैठक तिथंच उरकली, तीही कुजबुजत. शेड राहिली. टपरी गेटबाहेर, रस्त्याला.

मी बऱ्याच साइटवर काम केलंय. चूक दाखवून चार लोकांत पाणउतारा करणारे खूप भेटले. चूक पोटात ठेवून, ती सुधारायला माणूस घरी येईपर्यंत रोज खुर्च्या वाहणारा हा एकच.

तळ्यावर गेलात तर सकाळी जा... आणि नानांना माझा रामराम सांगा.