बैलावरचा उलटा ए

पोळ्याच्या सकाळी, चांदवडकडच्या माझ्या सासुरवाडीत, मी बैलावर इंग्रजी ए काढला आणि तो उलटा निघाला. नाशकात दुकानांच्या पाट्या रंगवण्यात केस पांढरे केलेला माणूस मी! मेव्हण्याची फर्माईश होती, "दाजी, उजव्या कुशीवर ए-वन लिहा." त्या बाजूला बैल लाथ झाडत होता, म्हणून मी डावीकडून पाठीवर ओणवा झालो आणि हात पलीकडे टाकून अक्षर ओढलं. मला सुलटं, जगाला उलटं.

"दाजी, हा तर डोक्यावर उभा हाय! यंदा आपली जोडी मिरवणुकीत पुढं. लय हसतील लोकं." मेव्हणा रॉकेलचा बोळा घेऊन धावला. तो मान घरात पहिल्यांदाच आला होता. सासऱ्यांचा चेहरा उतरला.

मी बोळा हिसकावला. "पुसायचं नाही! मूळचा ए असाच आहे. हजारो वर्षांपूर्वी वाळवंटातल्या लोकांनी बैलाचं तोंड काढलं, वर दोन शिंगं. बैलाला ते आलेफ म्हणायचे, म्हणून ते चित्र त्या शब्दाच्या पहिल्या आवाजाचं अक्षर झालं. पुढे दर्यावर्दी व्यापाऱ्यांनी ते आडवं पाडलं, ग्रीकांनी शिंगं जमिनीला टेकवली, रोमनांनी दगडात कोरताना शिंगांच्या टोकांना पावलं दिली. सगळं जग बैलाला डोक्यावर उभं करून लिहितंय. आपल्या बैलावर तरी तो नीट राहू दे!"

"मग पाट्यांवर का नाय असा काढला आजवर?"

"गिऱ्हाइकांना शिंगं नव्हती."

सासरे बैलाला वळसा घालून आले. एकदा अक्षराकडे, एकदा बैलाच्या तोंडाकडे बघत राहिले. "शिंगं तर हायेत," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या. अक्षरात तेवढे डोळे काढा, जावईबापू."

डोळे काढायला मात्र उजवीकडेच उभं राहावं लागलं.

वेशीत लोक हसायचे ते हसलेच. जो हसला त्याला मी वाळवंटापासून रोमपर्यंत फिरवून आणला. सासरे कासरा धरून पुढे, मान ताठ; मी बैलाच्या उजव्या अंगाला, छाती काढून, किंचित लंगडत.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "लाथेला घाबरून पाठीवर ओणवे झाला होतात, हे बाबांना सांगितलं नाही मी. आता कुठे बसली ते दाखवा, हळद लावते."