कियारा, कीरा, केराबाई

माझ्या नावातला ‘श’ दहावीच्या गुणपत्रिकेवर इंग्रजीत एका प्रकारे लिहिला आहे आणि पासपोर्टवर दुसऱ्या. त्या एका अक्षरापायी भोरच्या कचेरीत प्रतिज्ञापत्रे करताना माझी परदेशातली शिष्यवृत्ती हुकता हुकता राहिली. म्हणून दादाला मुलगी झाली, तेव्हा माझा आग्रह एवढाच होता: नाव कोणतेही ठेवा, स्पेलिंग एकच असू द्या.

नाव वहिनीने आधीच ठरवले होते. कियारा. आमच्या पासलीच्या अंगणवाडीत या नावाच्या दोघी आहेत, आणि दोघींचे स्पेलिंग वेगळे. नाव मूळचे आयरिश. पुण्याच्या प्रयोगशाळेत माझ्यासोबत काम करणारी एक आयरिश मुलगी आपले हेच नाव ‘सी’ने लिहायची, ‘कीरा’ म्हणायची, आणि तिच्याच देशात लोक ते ‘के’ने लिहितात म्हणून वैतागायची. अर्थ, सावळी किंवा काळ्या केसांची. हे ऐकून वहिनीने बाळाच्या रंगाकडे एकदा पाहिले आणि मोबाईलवर ‘देवाची देणगी’ असा अर्थ दिलाय, असे सांगून विषय संपवला.

मग शिवऱ्याच्या एका अंकज्योतिष्याने ‘ए’ लागोपाठ दोनदा घालायला सांगितला. बेरीज शुभ येते म्हणे. बेरीज कशाची, हे मला कोणीही सांगू शकले नाही. बारशाला पाळण्यामागच्या थर्माकोलवर ‘ए’ एकेरी होता, केकवर जोडीने, आणि मोबाईलवरच्या आमंत्रणात चक्क ‘वाय’. ग्रामपंचायतीत नाव अजून दिलेले नव्हते, एवढाच दिलासा.

आत्या म्हणून मी बाळाच्या कानात कुर्र केले, नाव सांगितले, पाठीत बायकांचे बुक्के खाल्ले. डोंगरातल्या वाडीवरून शेरडे सोडून आलेल्या भावकीतल्या थोरल्या चुलतीला नीट ऐकू आले नाही. मी पुन्हा सांगितले.

“केरा व्हय? झ्याक ठिवलं. माज्या सासूचं नाव केराबाईच हुतं. आदीची लेकरं जगली न्हाईत, म्हनून तिला केरावर ठिवून उचललीवती. लई जगली म्हातारी.”

बायका हसल्या. जेवणाच्या पंगती उठेपर्यंत बाळाची केराबाई झाली होती. चुलतीने नाव मायेनेच घेतले होते, त्यामुळे रागवायचे तरी कोणावर?

वहिनी मला आतल्या खोलीत घेऊन गेली. नाव बदलावे, असे मी सुचवून पाहिले. तिने मान हलवली.

“कानात सांगितलेलं नाव न्हाई बदलत, वन्सं. दोन ‘ए’च घालू. लांबवून म्हणलं तर केरा कुणाला ऐकू येणार न्हाई.”

इतके दिवस मी कारण मागत होते. आता तिने दिलेले कारण तर्काला धरून नव्हते, पण तिचे डोळे भरले होते. माझा आग्रह मी तिथेच सोडला.

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीतून दादाचा फोन आला. टेबलापलीकडचा माणूस खोळंबला होता.

“दोन ‘ए’ म्हणं. आगं, पण मदी घालायचे का शेवटाला?”