डोंगर, ट्रॅक्टर आणि दहा किल्ले

कवठे महांकाळच्या स्टँडवर मिरजेची एसटी सुटायच्या बेतात होती. आबांनी खिडकीतून हात घालून माझ्या शर्टाच्या खिशात नोटा कोंबल्या आणि खिसा दोनदा थोपटला. ‘‘तीन ट्रॅक्टर हाईत आन एक डोंगर. ट्रॅक्टर वाटंत मोड. डोंगर मोडू नगंस. एकदा फुटला की त्याचं खडंच हुत्यात.’’ शेजारी बसलेला माणूस माझ्या खिशाकडं बघतच राहिला.

आबा शेळ्यामेंढ्यांच्या बाजारात दलाली करायचे. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवण्यात पटाईत, पण अक्षराशी त्यांचं कधी जमलं नाही. नोट हातात आली की ते उलटी करून मागचं चित्र बघायचे. पाचाच्या नोटेवर ट्रॅक्टर, दहाच्या नोटेवर वाघ, विसाच्या नोटेवर माड, शंभराच्या नोटेवर बर्फाचा डोंगर. सगळ्या घराची तीच भाषा झाली होती. आई मला वाघ देऊन साखर आणायला धाडायची आणि माड हरवला म्हणून मी मारही खाल्लाय.

मिरजेहून रेल्वे धरून मी कोइमतूरला आलो, गावातल्याच एका चुलत्याच्या गलाईच्या दुकानात. सोन्याचा चुरा भट्टीत वितळवून शुद्ध करायचा हा आपल्या भागातल्या पोरांचा धंदा. तुम्हा गलाईवाल्यांपैकी कुणी गुवाहाटीला असाल, कुणी लुधियानाला, तुम्हाला वेगळं काय सांगायचं? इथं लाखाला पेटी म्हणायला शिकलो, कोटीला खोका. चिल्लरला सिल्लरै म्हणायला शिकलो. माझी पोरं तर तमिळमध्येच भांडतात. पण पहिल्या आठवड्यात हॉटेलवाल्याला मी चुकून ‘डोंगराची मोड आहे का’ असं विचारलं होतं. तो हसला नाही, त्याला कळलंच नाही. त्या दिवशी मला घराची जेवढी आठवण आली तेवढी पुढं आजारपणातही आली नाही. तो डोंगर मी मोडला नाही. अजून ट्रंकेत आहे, कडेनं पिवळा पडलाय.

आई गेल्यावर मी दर महिन्याला आबांच्या खात्यावर फोनवरूनच पाच हजार पाठवू लागलो. बटण दाबलं की काम झालं. मग मागच्या वर्षी गावाकडून वहिनीचा फोन आला. आढेवेढे घेत ती म्हणाली की पारावर कुणीतरी आबांना विचारलं, धाकटा काय धाडतो का, तर आबा म्हणाले, ‘‘काय न्हाई धाडत.’’ खातं तसंच पडून होतं, एक रुपया काढलेला नव्हता.

मी फोन ठेवून दिला. भट्टीपुढं बसून पंधरा वर्षं काढली ती कुणासाठी? दोन महिने मी आबांशी बोललो नाही. पैसे मात्र पाठवत राहिलो, रागानंच.

यंदा जत्रेला गेलो ते भांडायच्याच तयारीनं. स्टँडजवळच्या एटीएममधून पैसे काढले आणि घरी जाऊन आबांच्या पुढ्यात ठेवले. ‘‘हे घ्या. आता तरी म्हणा धाडतो म्हणून.’’

आबांनी एक नोट उचलली, उलटी केली, बराच वेळ बघितली. मग दुसरी. मला वाटलं चिडलेत. पण ते हळू आवाजात म्हणाले, ‘‘ह्यांची नावं मला ठावं न्हाईत रं. माझा बाजार सुटला आन समदी चित्रं बदलली. आन तू धाडतुयास त्याला तर चित्रच न्हाई. दिसंना, हाताला लागंना. मग धाडतुयास म्हणून कसं सांगू?’’

माझा राग कुठल्या कुठं गेला. लाज वाटली, खरं सांगतो. ज्या माणसानं मला पैशाची नावं शिकवली त्याला मी बिननावाचा पैसा पाठवत होतो.

मग आम्ही दोघं ओट्यावर बसून नव्या नोटांचं बारसं करत राहिलो. पाचशेचा किल्ला, पन्नासचा रथ, दहाचं चाक. शंभराच्या नव्या जांभळ्या नोटेवर पायऱ्यांची विहीर आहे म्हणून सांगितलं तर आबांनी ती डोळ्यांजवळ नेली. ‘‘पाणी हाय का हिला?’’ आमच्या कोरडवाहू गावात विहीर म्हटलं की पहिला प्रश्न हाच.

निघताना स्टँडवर त्यांनी तीच नोट माझ्या खिशात कोंबली, खिसा दोनदा थोपटला. पस्तिशीला आलेला मी, गाडी मिरजेच्या रस्त्याला लागेपर्यंत खिशावर हात धरून बसलो होतो.

कोइमतूरला माझं घर आहे, रेशन कार्ड आहे, पोरांची शाळा आहे. पण पैशाला नावानं हाक मारली की ती ज्याला कळते, असा माणूस एकच आहे आणि तो अजून गावात आहे. आता महिन्याच्या पहिल्या तारखेला पैसे पाठवले की मी लगेच फोन करतो.

‘‘आबा, धा किल्लं धाडल्यात.’’

 पलीकडून आबा म्हणतात, ‘‘पोचलं रं.’’